पदवीदानाला घरच्यांना नेताना

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘पदवीदान आहे, आई-बाबा आणि आजी यायचं म्हणतायत, तयारी काय करू?’ हा प्रश्न दर वर्षी येतो आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात साडी, फोटो नि हॉटेलचं टेबल असतं. पहिलं काम मात्र अर्जाचं.

गुणपत्रिका हातात आली म्हणजे पदवी प्रमाणपत्र आपोआप मिळतं असं नाही. राज्यातली बहुतेक विद्यापीठं त्यासाठी वेगळा ऑनलाइन अर्ज मागवतात. मुदत चुकली की विलंब शुल्क, नाहीतर सरळ पुढचा समारंभ. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००८ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी द्यायची असते, त्यामुळे नोकरीवाल्यांना घाई असेल तर तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र काढून ठेवा. अर्जात समक्ष की अनुपस्थितीत असं विचारलं असेल तर नीट बघून निवडा. चुकून ‘अनुपस्थितीत’ गेलं की प्रमाणपत्र टपालाने घरी येतं आणि समारंभाच्या यादीत नाव नसतं.

नाव तपासताना दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवा. इंग्रजी स्पेलिंग सगळे बघतात, देवनागरीकडे कोणी बघत नाही, आणि ‘वैद्य’चं ‘वैध’ तिथेच होतं. आईचं नावही वाचा. छापून आल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, मूळ प्रमाणपत्र जमा आणि हेलपाटे. शिवाय प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. परदेशी जायचं ठरलं तर साक्षांकनाचे शिक्के त्याच कागदावर पडतात आणि प्लास्टिकवर ते मारता येत नाहीत. जाड प्लास्टिकचा फोल्डर पुरतो.

पदवीचे विद्यार्थी बऱ्याच ठिकाणी आपल्या कॉलेजच्या समारंभात प्रमाणपत्र घेतात. पास किती मिळणार ते आधी विचारा. दोनच असतील तर कोण जाणार हे आदल्या आठवड्यात ठरवा, सभागृहाच्या दारात नको. आजीला न्यायचंच असेल तर सभागृह कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, स्वच्छतागृह किती लांब आहे, हे फोन करून विचारा. विद्यार्थ्यांना तासभर आधी बोलावतात, भाषणं लांबतात, मिळून तीन-चार तास सहज जातात. मधुमेह असलेल्यांनी खिशात काहीतरी खायला ठेवावं.

गाऊन. अनामत रकमेची पावती फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण परत देताना तीच हरवलेली असते. पाठीवर रुळणाऱ्या हूडला पुढे एक बारीक दोरी असते. ती शर्टाच्या बटणात अडकवायची, नाहीतर हूड मागे ओढला जाऊन गळ्याला काचतो. साडीला किंवा बिनबटणाच्या कुर्त्याला ती अडकणार कुठे? म्हणून चार सेफ्टी पिना न्या: दोन खांद्यांवर, एक पुढे हूडला, एक पदराला. काठापदराची साडी नेसणार असाल तर पदर पिनअप करूनच गाऊन चढवा, मोकळा पदर आत गोळा होतो. काही विद्यापीठांनी काळा गाऊन सोडून कुर्ता-उपरणं आणलंय. आपल्या उकाड्यात ते शहाणपणाचं आहे.

फोटो समारंभाआधी काढा, नंतर गाऊन परत करायची रांग लागते. काळ्या कापडामुळे कॅमेरा चित्र उजळवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा, आणि उन्हात नको, झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत उभे राहा.

आता जेवण. ते त्याच दिवशी ठेवू नका. समारंभ कधी संपेल याचा भरवसा नसतो, घरी पुऱ्या थंड होतात आणि आई सभागृहात बसून गॅसचा विचार करते. त्या दिवशी बाहेर काहीतरी हलकं खा. पाहुणे रविवारी बोलवा. औक्षण मात्र घरी आल्या आल्या, दारातच.

पंधरा माणसांना श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात असा बेत असेल तर एक किलो चक्का, पाऊण किलो साखर, पुऱ्यांना दीड किलो कणीक आणि भाताला किलोभर तांदूळ पुरतात. किलोभर कणकेच्या साठ-पासष्ट मध्यम पुऱ्या होतात. चक्क्यात पाणी राहिलं तर साखर घातल्यावर श्रीखंड पळीवाढं होतं, म्हणून विकतचा चक्काही दोन तास फडक्यात टांगून ठेवा. साखर मिसळून अर्धा तास मुरू द्या, मगच पुरणयंत्रातून काढा, म्हणजे कण राहत नाहीत. पुरीची कणीक घट्ट हवी. सैल कणीक तेल पिते.

पेढे मध्यम आकाराचे असतील तर किलोला चाळीस-पन्नास बसतात, त्यावर बिल्डिंगचा हिशोब करा. कॉलेजच्या ऑफिसातही द्यावेसे वाटले तर प्रमाणपत्र हातात आल्यावर द्या. आधी दिले की त्याचा वेगळा अर्थ निघतो.