ट्रोम्सोचा तालुका कोणता? – माझा अनुभव

"मॅडम, तालुक्याचा रकाना रिकामा आहे."

फॉर्म होता मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा. प्रवासाचं ठिकाण: गाव, तालुका, जिल्हा. मी गावासमोर ट्रोम्सो लिहिलं, जिल्ह्यासमोर नॉर्वे आणि तालुक्यात सरळ रेघ मारली. रेघ चालत नाही म्हणे, रेघ मारली की वरून त्रुटी निघते. मग लिहू काय? भाऊसाहेबांनी पेन कानावर अडकवला, जरा विचार केला आणि म्हणाले, "लिवा की उत्तर ध्रुव." लिहिलं. आजही त्या फाइलमध्ये माझा तालुका उत्तर ध्रुव आहे.

तर विषय असा. मी सोलापुरात एका कॉलेजला भूगोल शिकवते. जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला ट्रोम्सोला आर्क्टिक फ्रंटिअर्स नावाची कॉन्फरन्स भरते, 2007 पासून दरवर्षी, आर्क्टिकचं म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशाचं हवामान, समुद्र, मासेमारी, धोरण सगळं एकाच छताखाली. तिथं माझं पोस्टर लागलं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे संशोधनाचा गोषवारा पाठवणं, सिलेक्ट होणं, तिकीट काढणं यात सांगण्यासारखं काही नाही, ते आपोआप झालं म्हटलं तरी चालेल. अडकलं ते ना-हरकत प्रमाणपत्रात. एकोणचाळीस दिवस. 24 नोव्हेंबरला अर्ज दिला आणि 2 जानेवारीला कागद हातात पडला, आणि त्या एकोणचाळीस दिवसांवर मला अजून राग आहे म्हणून हे लिहितेय, मदत वगैरे झाली कुणाला तर चांगलंच.

आधी "सोलापूरला आर्क्टिकचं काय पडलंय" या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो मला घरी, स्टाफरूममध्ये, रिक्षात आणि त्या ऑफिसात सगळीकडे विचारला गेला. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांचा 2021 चा एक पेपर आहे. उन्हाळ्यात रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला बर्फ कमी झाला की वरच्या हवेतल्या लाटांची मांडणी बदलते, त्यात अरबी समुद्र तापलेला असला की बाष्पाचा पुरवठा वाढतो, आणि पावसाळा संपता संपता, सप्टेंबरात, भारतात अतिवृष्टी होण्याची शक्यता वाढते, असा संबंध त्यांनी मांडलाय. शक्यता हं, ठाम कुणी म्हणत नाही. मी नुसतं हवामान खात्याच्या आकडेवारीतून आपल्या जिल्ह्याचा सप्टेंबरचा पाऊस काढून त्या शेजारी ठेवला होता. आणि हे काम चालू असतानाच 2025 चा सप्टेंबर आला आणि सीना नदीनं माढा, करमाळा, मोहोळमध्ये काय केलं ते सगळ्यांनी बघितलं. ज्या जिल्ह्यात आपण मे महिन्यात टँकर मोजतो तिथं माणसं बोटीतून काढत होते.

आता ना-हरकत. आमचं कॉलेज अनुदानित, म्हणजे परदेशात जायचं तर कॉलेजचं पत्र, मग वरच्या एका ऑफिसचं पत्र. नाव घेत नाही, उद्या परत तिथंच जायचंय. पहिल्यांदा फाइल परत आली ती या शेऱ्यासह: "विषय संबंधित नाही." का, तर कॉन्फरन्सच्या पत्रात समुद्र धोरण असा शब्द होता आणि मी भूगोलाची. मी म्हटलं, समुद्र भूगोलात नाही तर कशात येतो? "तसं नव्हे मॅडम, धोरण म्हणजे राज्यशास्त्र." यावर माणूस काय बोलणार.

मग मी डोकं लावलं. भारत सरकारचं आर्क्टिक धोरण आहे, मार्च 2022 मध्ये जाहीर झालेलं, त्याला सहा स्तंभ आहेत आणि त्यातला एक चक्क देशात या विषयाची माणसं तयार करण्याबद्दल आहे. ते सगळं झेरॉक्स काढलं, त्या पानावर पिवळा मार्कर मारला आणि फाइलला लावलं. सोबत एक पान लिहिलं, की 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यु-ओलसुंडला आपलं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, 2013 पासून आपण आर्क्टिक कौन्सिल या आर्क्टिक देशांच्या संघटनेत निरीक्षक आहोत, आणि 1979 पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलंय. चौपट वगैरे कुणी वाचलं नसणार, पण फाइल जाड झाली आणि जाड फाइलला मान असतो हे खरं. "संबंधित नाही" हा शेरा गेला.

त्याच्या जागी दुसरा आला. शासनावर आर्थिक भार पडणार नाही याचं हमीपत्र. दिलं. मग हमीपत्र बाँडवर पाहिजे. दिलं बाँडवर. मग साहेब निवडणुकीच्या ट्रेनिंगला, महापालिकेचं इलेक्शन तोंडावर. मग साहेब आले तर फाइल ज्यांच्या टेबलावर त्या मॅडम रजेवर. मी रोज दोनचं लेक्चर संपवून स्कूटीवर जायचे आणि बाकड्यावर बसायचे. त्या बाकड्यासमोरच जावक रजिस्टर होतं, हिरव्या कापडी पाठीचं, आणि त्याच्याशेजारी प्लॅस्टिकच्या डबीत ओला स्पंज, तिकिटं चिकटवायचा, त्यावर निळी शाई साचलेली. मला त्या स्पंजचं भोकन् भोक पाठ झालंय. शिपाई मामा तर मला बघून आपोआप मान हलवायचे, "नाही ओ मॅडम आज."

एक दिवस वैतागून मी पोस्टरचा प्रिंट सोबत नेला, म्हटलं दाखवू तरी जातेय कशाला. भाऊसाहेबांनी तो टेबलावर पसरला, कारा समुद्र वगैरेकडं बघितलंसुद्धा नाही, खाली जिल्ह्याचा नकाशा होता त्यात सीनेवर बोट ठेवलं आणि पुढं पुढं नेत एका ठिकाणी थांबले. "हे आमचं गाव. सहा एकर ऊस आडवा झाला की ओ. पंचनामा झालाय, पैसे अजून नाहीत." मग बराच वेळ आम्ही पावसावर बोललो, किती वाजता पाणी आलं, जनावरं कशी सोडली. चहा पण आला. मला वाटलं आता झालं काम. त्यानंतरही चार दिवस लागलेच.

आणि शेवटी कागद आला तर त्यात तारखा फक्त कॉन्फरन्सच्या! 2 ते 5 फेब्रुवारी. माझं विमान 31 जानेवारीचं. व्हिसावाले कागदावरची रजा आणि तिकिटाच्या तारखा जुळवून बघतात, त्यामुळं निघण्यापासून परत येण्यापर्यंतचे सगळे दिवस पत्रात पाहिजेत. हे अर्जातच ठळक लिहा, मी लिहिलं नव्हतं, चूक माझी. पुन्हा बाकडं, पुन्हा स्पंज.

व्हिसाचं मात्र मला वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं. नॉर्वेच्या पोर्टलवर फॉर्म भरायचा, 90 युरो फी आणि वर सेंटरचा चार्ज, तीस हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट शिक्का मारलेलं, पगाराच्या स्लिपा. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री बसायचं, सकाळी मुंबईत उतरून स्टेशनवरच तोंड धुऊन सेंटर गाठायचं, रात्रीच्या गाडीनं परत. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर पाहिजे, आपल्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओत "व्हिसाचा" म्हटलं की अमेरिकेचा चौकोनी काढून देतात, माझे दोनशे रुपये असेच गेले. हां, आणि ना-हरकत पत्र इंग्रजीतच मागून घ्या, हे खरं तर वरती सांगायला पाहिजे होतं. मराठीत आलं की भाषांतर आलं, भाषांतर आलं की नोटरी आली.

पासपोर्ट तिकडं अडकलेला असताना इकडं गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा. 13 तारखेला संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या तेव्हा सगळी मंडळी सिद्धरामेश्वराच्या लग्नात आणि मी मनातल्या मनात स्टेटस चेक करतेय. त्याच आठवड्यात, 17 जानेवारीला, खुल्या समुद्राच्या जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला, कुठल्याच देशाच्या मालकीच्या नसलेल्या पाण्यासाठीचा. आपण 2024 च्या सप्टेंबरात त्यावर सही केलीय. मी ती बातमी गड्ड्यात पाळण्यासमोर उभी राहून मोबाइलवर वाचली, भाचा वर ओरडत होता. 23 ला पासपोर्ट आला. मी तो कुरियरवाल्यासमोरच फाडला, म्हणजे पाकीट फाडलं, पासपोर्ट नाही.

ट्रोम्सोबद्दल थोडंच सांगते, फोटो सगळ्यांनी बघितलेत. जवळपास सत्तर अक्षांशावर असून बंदर गोठत नाही, अटलांटिकचं गरम पाणी तिथवर पोचतं. रस्त्यावर मात्र काचेसारखा बर्फ, बुटाला लावायचे खिळे मिळतात ते पहिल्याच दिवशी घ्या, मी दुसऱ्या दिवशी घेतले, मध्ये एकदा आपटले. शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेली होती, हॉटेलच्या खर्चापुढं तीच खरी स्कॉलरशिप. पोस्टरपाशी एका मासेमारीवाल्या अभ्यासकाशी बराच वेळ बोलणं झालं. मध्य आर्क्टिक महासागरात नऊ देश आणि युरोपियन युनियन यांनी 2021 पासून 16 वर्षं व्यापारी मासेमारी बंद ठेवायचा करार केलाय. म्हणजे बर्फ वितळून मासे दिसायच्या आधीच जाळं गुंडाळून ठेवलं! आपल्याकडं उजनीत काही ठरवायचं तर मासे संपल्यावर मीटिंग होते. त्यांना मी उजनीचं सांगितलं, ते हसले, मी पण हसले, पण मला मनातून हसू येत नव्हतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: 2026 चा आर्क्टिक सायन्स समिट वीक मार्चमध्ये डेन्मार्कात ऑर्हुसला, दर ऑक्टोबरात आइसलँडला रेक्याविकमध्ये आर्क्टिक सर्कल भरते, 2028 ची संयुक्त राष्ट्रांची महासागर परिषद चिली आणि दक्षिण कोरिया मिळून घेणार आहेत, आणि 2032-33 हे आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष आहे. तरुण पोरापोरींनी एपेक्सचं, म्हणजे तरुण ध्रुवीय संशोधकांच्या संघटनेचं, सभासदत्व घ्यावं, फुकट आहे. डेन्मार्क, आइसलँड दोन्ही नॉर्वेसारखेच शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, त्यामुळं बोटांचे ठसे एकदा दिले की 59 महिने चालतात. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मंजूर व्हायची वाट बघू नका, पाठवलं त्याच दिवशी ना-हरकतीचा अर्ज टाका. नामंजूर झालं तर अर्ज मागं घेता येतो, त्याला एकोणचाळीस दिवस लागत नाहीत.

परत आल्यावर रुजू अहवाल द्यायचा असतो. त्यातही तोच रकाना. मी न विचारताच तालुका उत्तर ध्रुव लिहून पुढं सरकवलं. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला.

"मॅडम, मी मोबाइलवर बघितलं. ट्रोम्सोपासून उत्तर ध्रुव बावीसशे किलोमीटर लांब आहे की ओ. आता ती आधीची फाइल दुरुस्तीला काढावी लागेल."