बाबांची गोळी आणि तानपुरा
सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात हल्ली एकच विषय: बाबांची कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, ॲटोर्वास्टॅटिन. ही गोळी स्मरणशक्ती खाते, असं त्यांच्या मनानं घेतलंय. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २०१२ मध्ये स्टॅटिनच्या (ॲटोर्वास्टॅटिन ज्या गटातली, त्या औषधांच्या) माहितीपत्रकात विसराळूपणाची नोंद घातली, हे खरं. पण तो त्रास बहुधा किरकोळ असतो, गोळी थांबवली की जातो, हेही तिथेच म्हटलंय. प्रॅव्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनच्या ७० ते ८२ वयोगटातल्या मोठ्या चाचणीत स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. तरीही, "डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका," असं मी बाबांना बजावलंय.

धास्ती मात्र खरी आहे. शस्त्रक्रियेआधी संगीत ऐकवलं तर रुग्णांची धास्ती कमी होते, असं चाचण्यांत दिसलंय; मला ते घरीच दिसतं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती घुमणारी आस, नीट लागली की बाबांच्या कपाळावरच्या आठ्या जातात. मग बाबांची भूप रागातली बंदिश, अंतऱ्यासकट, एकही शब्द न अडखळता!