भाविक म्हणजे अडाणी? आधी भाजक बघा

‘मुस्लिमांत ४२.७ टक्के निरक्षर’ हा २०११च्या जनगणनेतला आकडा ‘श्रद्धाळू माणसं अडाणीच असतात’ अशा वादात हमखास तोंडावर फेकला जातो. त्यात सहा वर्षांपर्यंतची पोरंही निरक्षर धरलीत, अगदी मांडीवरचं तान्हंसुद्धा! जिथे लहान मुलं जास्त, तो समाज त्यामुळे आणखी मागे दिसतो. भाजकात, म्हणजे ज्या एकूण संख्येवर टक्के काढतात तिच्यात, फक्त सात वर्षांपासून पुढचे ठेवा: साक्षरता मुस्लिमांत सुमारे ६८.५, हिंदूंत ७३.३ टक्के. अंतर उरतंच, ते लपवू नये. पण जनगणनेत धर्माचं नाव विचारतात. नमाज, पूजा, उपास नाही. आणि साक्षर म्हणजे कुठल्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणारा, शाळेत न गेलेलाही. मग यातून श्रद्धा मोजणार कशी? त्याच मोजणीत जैन ९४.९ टक्के साक्षर आहेत, आणि पर्युषणातले उपास काही सोपे नसतात.