हजेरी सहाशे, उत्पन्न एक लाख सत्त्याऐंशी हजार

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत राखून ठेवलेल्या मोफत पंचवीस टक्के जागांचा फॉर्म भरायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की मी वीस मिनिटं सांगते. पण त्या फॉर्मच्या आधी लागणारा एक कागद मिळवायला आम्हाला बावीस दिवस लागले होते. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी तेव्हा पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत होते. वर्षाचे 120 तास भरायचे म्हणून नाव घातलं होतं, खोटं कशाला बोलू. कॉलेजच्या मागच्या वस्तीत आम्ही सहाजणी पालकांचे फॉर्म भरून द्यायचो. ते साल 2024. फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला होता. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्के जागांतून सूट. त्यामुळे एप्रिलमध्ये यादीत दिसायच्या त्या शेजारच्याच महापालिकेच्या शाळा. पालक म्हणायचे, इथं तर फॉर्म न भरताच घेतात की! 6 मे रोजी हायकोर्टानं त्या बदलाला स्थगिती दिली आणि 17 मेपासून सगळे अर्ज नव्यानं. आधीचे गेले ते गेलेच.

आता तो कागद, म्हणजे उत्पन्नाचा दाखला. खुल्या गटातल्या पालकांचं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. महिन्याला 8,333 रुपये. (एससी, एसटीच्या पालकांना ही अट नाही, त्यांना जातीचा दाखला पुरतो. आम्हाला हे उशिरा कळलं. तोवर एक ताई जातीचा दाखला पिशवीत घेऊन चार दिवस उत्पन्नाच्या रांगेत उभ्या होत्या. तो दाखला महाराष्ट्रातलाच हवा, हेही आधीच विचारून घ्या.)

वस्तीतल्या ज्या काकांचा फॉर्म माझ्याकडे होता ते परभणीकडचे, बांधकामावर बिगारी. धाकटीला पहिलीत घालायचं होतं. 8 मे रोजी मी त्यांच्याबरोबर तलाठी कार्यालयात गेले. साहेब इलेक्शन ड्युटीवर. पुण्याचं मतदान 13 तारखेला होतं, तोवर कुणी भेटणार नाही म्हणाले. 14 ला गेलो, तर कुलूप. 16 ला साहेब भेटले, पण आधी सेवा केंद्रातून स्वयंघोषणापत्र भरून आणा म्हणाले. केंद्रातल्या मुलानं मान वर न करता विचारलं, "रोज किती?"

काका म्हणाले, "सहाशे."

त्यानं सहाशे गुणिले सव्वीस गुणिले बारा केलं. 1,87,200. काकांनी अंगठ्याशेजारी सही केली, तलाठ्यानं त्याच आकड्यावर अहवाल दिला. मी बाहेर फोनवर बोलत उभी होते. माझंच चुकलं. आकडा मी पाहिला तो बसमध्ये.

दुसऱ्या दिवशी परत तलाठी कार्यालयात गेलो. "तुम्हीच सांगितलंत ना सहाशे? आता कमी कसं लिहू?" मी तिथं आवाज चढवला. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे, अपील करता येतं, सगळं पाठ केलेलं बोलून दाखवलं. सगळं खरंच होतं. पण अहवालच झाला नाही तर अर्ज दाखल होत नाही, आणि अर्ज दाखल झाल्याशिवाय पंधरा दिवस मोजायला लागत नाहीत. हे त्या टेबलामागच्या माणसाला माहीत होतं, मला नव्हतं. त्यानं आमचा कागद उचलून गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. काका मला हळूच म्हणाले, "ताई, तुमी जरा भायेर थांबा."

कायद्याची भाषा कधी काढायची याचा विचार करूनच तोंड उघडा. अर्ज ऑनलाइन दाखल होऊन क्रमांक हातात आला की मग खुशाल काढा.

शिवाय कार्यालय उघडतं दहाला. मजूर अड्ड्यावर माणसं उचलतात आठच्या आसपास. म्हणजे काकांची एक फेरी म्हणजे एक हजेरी बुडाली. तोवर चार फेऱ्या झाल्या होत्या, 2,400 रुपये. मी मात्र प्रत्येक फेरीचे तास एनएसएसच्या वहीत लिहीत होते.

सुटका झाली ती काकूंमुळे. शनिवारी त्यांच्या खोलीवर मी हिशेब जुळवत बसले होते. रोज काम कुठं मिळतं? पावसाळ्यात बंदच, दिवाळीला गावी, एरवी आठवड्यातले तीनेक दिवस. पण हे कागदावर कसं दाखवायचं? काकूंनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून पुढ्यात टाकलं. काम लागलं त्या तारखेवर पेनानं फुली. 2023 चंही त्याच खिळ्यावर मागे लटकत होतं. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणून आधी नऊ महिने जुन्यातले मोजले, 117 फुल्या. मग नव्यातले तीन महिने, 37. एकूण 154 दिवस, 92,400 रुपये.

यात लबाडी नव्हती, म्हणून मला बरं वाटलं. कारण त्याआधी "नव्वद हजार लिहा आणि मोकळे व्हा" असं सांगणारे वस्तीत दोघं भेटले होते, आणि मी जवळजवळ हो म्हणणार होते.

सोमवारी, 20 तारखेला, काकांनी दोन्ही कालनिर्णयं टेबलावर ठेवली. मी बाहेरच थांबले होते. टेबलामागचा माणूस हसला म्हणे, पाच-सहा पानं उलटली, आणि नवीन घोषणापत्र घेऊन अहवाल दिला. 21 ला अर्ज दाखल. दाखला आला 30 ला संध्याकाळी. फॉर्मची शेवटची तारीख 31 होती आणि दाखला त्याआधीचा लागतो. मुदत नंतर वाढली, पण त्या रात्री ते कुणाला ठाऊक होतं?

फॉर्म भरताना नकाशावर घराची जागा दाखवणारा फुगा असतो, तो घरावरच ठेवा. आमच्या एका मैत्रिणीनं लायब्ररीत बसून तीन फॉर्म भरले आणि फुगा कॉलेजवर राहिला. शाळेचं अंतर त्यावरूनच मोजतात. शाळा दहापर्यंत निवडता येतात. भाड्याच्या खोलीचा करार नोंदणीकृत लागतो, नोटरीचा चालत नाही. काकांच्या आधारवर इथला पत्ता होता, म्हणून ते वाचले. एकाच मुलाचे दोन फॉर्म भरू नका, दोन्ही जातात.

प्रवेशाची लॉटरी जूनमध्ये निघाली, पण प्रकरण कोर्टात होतं. 19 जुलैला हायकोर्टानं तो बदल रद्द केला, मग याद्या लागल्या. धाकटी प्रतीक्षा यादीत होती, नंतरच्या फेरीत नंबर लागला. शाळा केव्हाच सुरू झाली होती.

पडताळणीला मी रजा टाकून गेले, कागद फायलीत क्रमानं लावून. दोन्ही कालनिर्णयंही घेतली होती, कुणी विचारलंच तर. टेबलावरच्या मॅडमनी दाखला हातात घेतला, तारीख पाहिली, आकडा पाहिला, शिक्का मारला आणि "पुढचे" म्हणाल्या. दहा सेकंदही लागले नसतील.