तुम्ही विचारलंत म्हणून: जमैकाच का?

अंगणवाडी सेविकांचं कुपोषणावरचं प्रशिक्षण संपलं की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, दरवेळी जमैकाचं काय घेऊन बसता?" त्या बेटावर धावपटू आणि रेगे याखेरीज काही असेल असं कुणाला वाटतच नाही. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सांगते.

१९९४, मेळघाट. दोन वर्षांची मुलगी. पाय सुजलेले, गाल फुगलेले, केस तांबूस. आईच्या कडेवर पुढचं तान्हं. सुजवटी, म्हणजे अंगावर सूज आणणारं कुपोषण. निदान माझं बरोबर होतं. प्रथिनं कमी पडतात असं शिकले होते, म्हणून प्रथिनं देत सुटले. अंडं, दूध पावडर, वर सलाइन. पोर तोंड फिरवायची, मी चमचा आत ढकलायचे. आई मोडक्या हिंदीत सांगत होती, तिला नको आहे, थोडं थांबा. मी तिला गप्प केलं. "तुला काय कळतं?" असंच म्हणाले. तिसऱ्या रात्री पोरीला धाप लागली, पहाटे ती गेली. कागदावर मी 'कुपोषण' लिहिलं. तिच्या हृदयाला माझा उपचार पेलला नव्हता, हे लिहिलं नाही.

जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथल्या मोना भागात डॉक्टर जॉन वॉटरलो यांनी १९५०च्या दशकात संशोधन केंद्र उभारलं. अशा मुलांच्या शरीरात सोडियम साठतं, पोटॅशियम घटतं, म्हणून सुरुवात जपून करायची, हे तिथे मोजून मापून कळत गेलं. अशा मुलांना सुरुवातीला देतात ते आजचं एफ-७५ हे दुधाचं मिश्रण त्याच वाटेवरचं: १०० मिलीत ७५ कॅलरी, प्रथिन एक ग्रॅमहूनही कमी. मूल सावरलं की मग त्याहून ताकदीचं एफ-१००.

माझ्यापर्यंत हे पोचलंच नव्हतं, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. जागतिक आरोग्य संघटनेची उपचारपुस्तिका १९९९ची, हेही सांगायचे. खरंच आहे ते. पण आई तर समोर बसून सांगत होती.

म्हणून मला डॉक्टर सिसिली विल्यम्स सोडवत नाही. जन्म जमैकातला, १८९३चा. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करताना १९३३ साली तिने सुजवटीचं वर्णन केलं, आणि १९३५ साली जगाला नाव दिलं ते तिथल्या गा जमातीच्या बायकांच्या तोंडचं: क्वाशिओरकोर. पुढचं भावंड आलं की आधीच्याला होणारा आजार. बायकांच्या त्या एका शब्दात कारणाचा धागा होता. तो तिने ऐकला.

विल्यम्स मळेवाल्यांच्या घरातली गोरी, वॉटरलो इंग्रज; मग यात जमैकाचं काय, असं एकाने विचारलं होतं. तेव्हा मी भांडले. आज तसं भांडणार नाही. पण मोनाच्या वॉर्डातली मुलं जमैकाची होती आणि त्यांच्या आयाही.

सूज नेमकी कशाने येते यावर अजून एकमत नाही. हळू भरवलं असतं तर ती वाचली असती का, हा हिशेब मी कितीदा तरी मांडलाय. दरवेळी उत्तर वेगळं येतं.