चौकातलं बसणं

सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात वर्गांच्या, सहलींच्या, स्नेहसंमेलनांच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील. मला लिहायचंय ते आपल्या मैदानावर शिकलेल्या खो-खोतल्या बसण्याविषयी. आज संघात असलेल्या मुलामुलींना त्याचा उपयोग व्हावा.

चौक म्हणजे पाठलाग करणाऱ्या संघाच्या गड्याची बसायची चौकोनी जागा, जेमतेम ३० सेंटिमीटरची. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. इथे विसावला तो उठायला उशीर करणार आणि तेवढ्यात पळणारा दोन पावलं लांब जाणार. एक पाऊल पुढे, दुसऱ्याचा चवडा साधारण पुढच्या टाचेच्या रेषेत, मागची टाच उचललेली. हातांची बोटं खांद्याइतक्या अंतरावर समोरच्या आडव्या पाटीत, म्हणजे चौकातून आडव्या जाणाऱ्या पट्ट्यात, टेकवायची. तळवा टेकू नये. तो टेकला की कोपर ढिलं पडतं आणि भार मागे जातो. कुल्ले टाचांवर टेकलेले नकोत. तपासायचं असेल तर बसलेल्याला एकदम हात उचलायला सांगा. तो पुढे झुकला तर बैठक बरोबर, मागे टाचांवर बसला तर चूक.

पाटावर जेवणाऱ्या, उकिडवं बसून अंगण सारवणाऱ्या घरांतली मुलं ही बैठक घोट्यांत घेऊनच येत. आता घोटे आखडलेले असतात, म्हणून सरावाआधी मिनिटभराच्या चार-पाच उकिडव्या बैठका घ्याव्यातच.

खो, म्हणजे बसलेल्याला उठून पाठलाग करायची खूण, मागूनच द्यायचा, पाठीला हात लावून. शब्द आणि स्पर्श बरोबर. ढकललं तर बसलेला कोलमडतो आणि त्याचं पहिलंच पाऊल वाकडं पडतं. खो मिळण्याआधी उठलं तर फाउल. उठताना खांदे ज्या बाजूला वळले ती दिशा घ्यावीच लागते, म्हणून बसल्या बसल्या नजर फिरवावी, खांदे स्थिर ठेवावेत.

पळणाऱ्याला गाठायला सूर मारायचा तो खालूनच. आधी गुडघे टेकले की ते सोलतात आणि वेगही तिथेच मरतो. उंचावरून झेप घेतली तर छाती आदळते. मांड्या, पोट, छाती असं अंग सपाट घसरत जावं, हनुवटी वर. मैदानाच्या टोकाचा खांब धरून सूर मारताना मात्र पाऊल अगदी बुंध्याजवळ हवं. ते लांब पडलं की पकड सुटते आणि गडी बाहेर फेकला जातो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, याचा फार अभिमान वाटतो. ते सामने मॅटवर झाले. मॅटवर पाय चांगला धरतो, पण सूर मारताना कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून कोपर-गुडघ्यांना पॅड लागतात.

आपलं मैदान मातीचं. सरावाआधी चौकांतले खडे वेचून थोडं पाणी शिंपडा. कोरड्या मातीत मागचा चवडा सरकतो आणि उठतानाचा सगळा जोर तिथेच वाया जातो.