चुकलेल्या नाण्यांचा भाव

नाण्यांचं ऑक्शन असेल त्या रात्री आमच्या घरी मला कुणी हाक मारत नाही. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी बोली वाढवतो, मग वेळ परत वाढते, परत कुणीतरी येतो, आणि छापताना चुकलेल्या दोन रुपयाच्या स्टीलच्या नाण्यासाठी ताटातली भाजी गार होते. वर कमिशन, त्यावर जीएसटी, कुरियर वेगळंच. आई म्हणते, "अरे, असलं नाणं मंडईत दिलं तर भाजीवाली परत करेल, आणि तू त्याला जास्तीचे पैसे देतोस?"

देतो. कारण नीट पडलेलं नाणं काहीच बोलत नाही, ते टांकसाळीत कसं तयार झालं ते चुकलेल्यावरच दिसतं. आता लाखी घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच चित्र पडलेलं नाणं. एक नाणं छापून झालं की बाहेर पडायला पाहिजे ना, ते डायलाच (छाप उठवणाऱ्या ठशालाच) चिकटून राहतं, तेवढ्यात पुढची कोरी चकती येते आणि तिच्यावर एका बाजूला डायचा छाप बसतो, दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या नाण्याचा. म्हणजे इकडे सिंह, पलटलं तर तिकडेही तेच सिंह, फक्त उलटे आणि आत गेलेले. पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी बराच वेळ नुसता पलटत बसलो होतो.

डायला तडा गेला तर नाण्यावर रेघ उठते, खोल नाही हं, उंच, कारण धातू त्या तड्यात घुसतो. नखाला लागली तर तडा, नख अडकलं तर कुणीतरी मारलेला ओरखडा, आणि फोटोत हे दोन्ही सेमच दिसतात! कड कापलेल्या नाण्यांत तर कानस मारून विकणारे खूप. तिथं मी कापलेली जागा बघतच नाही, तिच्या बरोबर समोरची कड बघतो. चकती आधीपासूनच तुटकी असेल तर समोरच्या कडेवर दाब नीट बसत नाही, ती बहुतेकदा फिकी येते. समोरची कड ठणठणीत दिसली की मी बोली लावत नाही.

१९११ चा डुक्कर रुपया पण लोक यातच धरतात. नाण्यावरच्या पंचम जॉर्जच्या पोशाखावर जो हत्ती आहे त्याची सोंड एवढीशी काढलेली की तो डुक्कर वाटला, बोंब झाली, नाणी मागे घेतली आणि १९१२ ला सोंड सुधारली. पण ती चित्र काढणाऱ्याची चूक, डाय बिचारी बरोबरच पडत होती, त्यामुळे माझ्या अल्बमात त्याला जागा नाही. (परवडत नाही हेही आहेच.)

आणि आपल्या साताऱ्यात सगळा हिशोबच उलटा. इथं बऱ्याच जुन्या घरांत देव्हाऱ्यात शिवराई असते, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. ती हातोड्यानं पाडलेली, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' मधलं एखादं अक्षर बहुतेकदा बाहेर गेलेलं असतं, मागच्या 'छत्रपति'चं पण तेच. मशीनच्या नाण्यात सरकलेला छाप महाग, शिवराईत अख्खी अक्षरं महाग. मागं राजवाड्याजवळ एका सराफकाकांनी मला अर्धी अक्षरं गेलेली शिवराई "एरर पीस आहे" म्हणून दुप्पट भावानं दाखवली. म्हटलं काका, मग महाराजांच्या वेळची सगळी टांकसाळच एरर की! ते हसले, पण भाव काही उतरवला नाही. मी शेजारची घेतली, सगळी अक्षरं असलेली, ती त्यांनी साध्या भावात ठेवली होती.